शिबिराची पहिली रात्र आणि ‘खूप मजा आली’

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. दरवर्षी आमच्याकडे नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं दोन रात्रींचं निवासी शिबिर असतं. गेल्या वर्षी ४६ मुलं आणि आम्ही पाच मोठी माणसं होतो. पहिल्या रात्री सहा-सात मुलं रडली, एकाला रात्री एक वाजता वडील घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चौघांना उलट्या झाल्या. परत आल्यावर शाळेच्या वार्तापत्रातल्या ‘अलीकडच्या घडामोडी’ या पानासाठी मुलांकडून अनुभव लिहून घेतले, तर जवळजवळ सगळ्यांनी ‘आम्ही सकाळी बसमध्ये बसलो’ इथून सुरुवात केली आणि ‘खूप मजा आली’ इथे संपवलं. यंदा शिबिर माझ्याकडे आहे. गेल्या वर्षीचं वेळापत्रक सोबत जोडलंय. रडारड कशी टाळू? आणि मुलांकडून खरं लिखाण कसं मिळवू?
— एक वर्गशिक्षिका

उत्तर : वेळापत्रक पाहिलं. पहिल्या दिवशी सकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत १४ उपक्रम. शेकोटी रात्री नऊला सुरू, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठवून व्यायाम. तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण रडणं काय आणि ‘खूप मजा आली’ काय, दोन्हींचं मूळ या एकाच कागदात आहे. दिवस इतका भरगच्च असला की मूल संध्याकाळपर्यंत दमून चिडचिडं होतं आणि आडवं झाल्याबरोबर त्याला घर आठवतं. शिवाय दिवसभरात त्याच्या एकट्याच्या वाट्याला निवांत असं काही आलेलंच नसतं, म्हणून लिहायला बसल्यावर सांगण्यासारखंही काही सापडत नाही. उपक्रमांची यादी तेवढी पाठ असते. ती उतरवून काढतं बिचारं.

तेव्हा आधी कात्री वेळापत्रकाला लावा. ४६ मुलांना एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचं म्हणजे बूट, पाण्याची बाटली, स्वच्छतागृह, मोजणी आणि कुणाची तरी हरवलेली टोपी. याला २० मिनिटं लागतातच. १४ उपक्रम म्हणजे मध्ये १३ बदल, म्हणजे २६० मिनिटं, म्हणजे चार तास वीस मिनिटं. तुमच्या कागदावर मात्र एक उपक्रम दहाला संपतो आणि पुढचा दहालाच सुरू होतो. हा उशीर दिवसभर साचतो आणि शेवटी रात्रीच्या जेवणावर येऊन पडतो. दोरीवरून उतरण्याच्या खेळाचंही तसंच. दोर एक, मुलं ४६, माणशी तीन मिनिटं धरली तरी १३८ मिनिटं झाली. त्यात प्रत्येक मूल तीन मिनिटं खेळतं आणि दोन तासांहून जास्त रांगेत उभं राहतं. शिबिरातली निम्मी भांडणं रांगेत होतात. मुलांचे १५-१६ चे तीन गट करा आणि तीन ठिकाणी आळीपाळीने फिरवा.

दिवसाला मोठे उपक्रम दोन पुरे : सकाळी दीड तासाचा एक, दुपार कलल्यावर दीड तासाचा दुसरा. दुपारच्या जेवणानंतर पाऊण तास प्रत्येकाने आपापल्या अंथरुणावर आडवं व्हायचं, झोप येवो न येवो. आणि रोज एक तास पूर्ण मोकळा. दोरी किंवा निशाणं लावून हद्द आखा, कडेला दोन मोठी माणसं बसवा, आत मुलांनी हवं ते करावं. मोकळा तास वेळापत्रकात पाहून वरिष्ठ नाक मुरडतील. मुरडू द्या. मुलांच्या वह्यांतलं चांगलं लिखाण बहुतेक या तासातूनच येणार आहे.

रात्रीचं जेवण पावणेसातला, शेकोटी पावणेआठ ते साडेआठ. आरडाओरड्याचे खेळ आधी, संथ गाणी शेवटी. उलट केलंत तर शांत व्हायला आणखी तासभर जातो. भुताच्या गोष्टी बंद. शेकोटीपाशी शूर असलेली मुलं मध्यरात्री स्वच्छतागृहाकडे एकटी जायला धजत नाहीत, आणि मग अंथरूण ओलं होतं. दात घासणं, कपडे बदलणं यासाठी पाऊण तास ठेवा, साडेनऊला दिवे मालवा आणि सकाळी साडेसहाआधी कुणालाही उठवू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. तुमच्या जुन्या वेळापत्रकात सगळं वेळेवर झालं असतं तरी त्यांना सातच तास मिळत होते.

आता रडण्याबद्दल. ते पूर्ण टाळता येत नाही आणि तसं ठरवूही नका. मूल दहा मिनिटं रडलं आणि झोपलं, की ती रात्र चांगली गेली असं समजा. घरची आठवण हा आजारही नाही आणि लाडावल्याचं लक्षणही नाही. काम सुरू होतं ते निघायच्या तीन आठवडे आधी, पालकसभेत. तिथे पालकांकडून एकच वचन घ्यायचं : ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येईन’ असं मुलाला सांगणार नाही. ऐकायला हे वाक्य प्रेमाचं, पण त्याच्यात आई-वडिलांचा अविश्वास दडलेला असतो : तुला जमेल असं आम्हाला वाटत नाही. शिवाय मूल मग ते सुटकेचं दार कधी उघडायचं याचाच विचार करत बसतं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये घरच्या आठवणीवर एक मार्गदर्शक अहवाल काढला होता; त्यातही असा सौदा करू नये असंच म्हटलं आहे. त्याऐवजी त्या तीन आठवड्यांत मुलाला एक रात्र नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे राहू द्यावं, आणि त्या रात्री फोन करू नये. घर सोडून झोपण्याचा हा सराव दहा भाषणांपेक्षा कामाला येतो.

वर्गातही आधी बोलून ठेवा : ‘तिथे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना रात्री घर आठवेल. मोठ्यांनाही आठवतं. आठवलं तर काय काय करायचं?’ उत्तरं मुलांनाच देऊ द्या आणि फळ्यावर लिहा. अंथरुणाच्या जागा ठरवताना प्रत्येकाकडून तीन नावं लिहून घ्या आणि त्यातलं एक नक्की शेजारी मिळेल एवढंच कबूल करा. ज्याचं नाव कुणीच लिहिलेलं नाही असं मूल या चिठ्ठ्यांतूनच कळतं. त्याची जागा सर्वांत आधी ठरवा, ती नशिबावर सोडू नका.

फोनची ओढ पालकांनाच जास्त असते. सावरत आलेलं मूल आईचा आवाज ऐकून पुन्हा कोसळतं, आणि त्याच्या शेजारची तिघंही. फोनऐवजी पत्र ठेवा. पालकांनी आधीच लिहून बंद पाकिटात तुमच्याकडे द्यायचं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी वाटायचं. रात्री नाही. पत्रात काय नको हेही सांगून ठेवा : ‘तुझ्याशिवाय घर सुनं सुनं वाटतंय’, ‘आजी सारखी तुझी वाट बघते’ ही वाक्यं नकोत. घरी रोजचं चाललंय आणि तू आल्यावर काय काय सांगतोस ते ऐकायचंय, एवढं पुरे. एखाद्या मुलाकडे पत्र नसणार हे धरूनच चाला. तुमच्या हातची चार पत्रं जवळ ठेवा.

रात्री रडणाऱ्या मुलाजवळ जाताना मोठा दिवा लावू नका. शेजारी खाली बसा, उभं राहून बोलू नका. आधी पाणी, मग स्वच्छतागृह, मग पांघरूण पुरेसं आहे का ते. थंडी आणि भरलेलं मूत्राशय हीसुद्धा पुष्कळदा ‘घरची आठवण’ होऊन येतात. ‘रडू नकोस’ किंवा ‘सगळे हसतील’ म्हणू नका. घरी झोपण्याआधी काय करतोस हे विचारा आणि त्यातलं जे इथे जमेल ते करा : पुस्तकाचं एक पान, डोक्याखाली दुमडलेला स्वेटर, भिंतीकडची कूस. ‘उद्या बघू, वाटलं तर घरी पाठवू’ हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याला एक काम द्या : निशाणं लावणं, बाटल्या मोजणं, काहीही. हात गुंतले की मन थाऱ्यावर येतं.

मध्यरात्री घरी पाठवायचं ते आजारपणासाठी. नुसत्या रडण्यासाठी सकाळपर्यंत थांबा, कारण उजाडल्यावर बहुतेकांचं बिनसलेलं सुरळीत होतं. दिवसाही जेवण जात नसेल, खेळात लक्ष नसेल, तर मात्र दुसऱ्या रात्रीपर्यंत ताणू नका. पालकांशी बोला आणि मुलाला दिवसाउजेडी, कुणाच्या नजरेत न भरता जाऊ द्या. रात्री काय घडलं हे त्या मुलाच्या पालकांना सकाळी तुम्ही स्वतः सांगा. दुसऱ्यांकडून कळलं की पुढच्या वर्षी तुमच्यावर भरवसा राहत नाही.

रडण्यामागे बरेचदा एक न सांगितलेली भीती असते : अंथरूण ओलं होण्याची. दहा वर्षांच्या मुलांमध्ये साधारण शंभरात पाच जणांना हा त्रास असतो. तुमच्या ४६ मध्ये दोघं असतील असं गृहीत धरा. पालकांकडून बंद चिठ्ठीत माहिती घ्या, ती फक्त एका शिक्षकाकडे राहू द्या. त्या मुलांना दाराजवळची जागा द्या. मोठी माणसं झोपायला जातात त्या वेळी, साडेदहाच्या सुमारास, त्यांना हळूच उठवून न्या आणि सोबत आणखी दोघा-चौघांनाही न्या, म्हणजे कुणी वेगळं दिसत नाही. बाकीच्यांसारख्याच दिसणाऱ्या जादा चादरी आणि गडद रंगाच्या पिशव्या हाताशी असू द्या. रात्रीची गोळी चालू असेल तर ती आणि संध्याकाळचं पाणी यांचं गणित डॉक्टरांकडून लेखी घ्या, कारण यातल्या काही औषधांवर पाणी जास्त पिणं धोक्याचं असतं. शिबिरात नवं औषध पहिल्यांदा द्यायचं नाही.

उलट्यांचं खापर तुमच्याकडे स्वयंपाकघरावर फुटलं असावं. फोडण्याआधी वेळ पाहा. शाळकरी मुलांत पसरणारा नोरोव्हायरस शरीरात शिरल्यापासून १२ ते ४८ तासांनी लक्षणं दाखवतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी उलटी करणारं मूल तो आजार घरूनही घेऊन आलेलं असू शकतं. त्यावर उपाय दाराशीच : निघण्याआधीच्या ४८ तासांत उलटी किंवा जुलाब झालेलं मूल येणार नाही. हा नियम पालक लपवाछपवी करून मोडतात, कारण भरलेले पैसे बुडतात आणि मूल हिरमुसतं. पैसे परत देण्याची सोय आधीच जाहीर केलीत तर लपवाछपवी कमी होते.

हात साबण-पाण्याने २० सेकंद धुवायचे. हाताला चोळायचं सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही, आणि गेल्या वर्षी नेमक्या त्याच बाटल्या जेवणाच्या दाराशी ठेवल्या असतील तर नवल नाही. शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिलं पाहिजे, आणि बाहेर दोन तासांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. इथेही वेळापत्रकाचा उशीर नडतो : सातला तयार झालेलं जेवण मुलं साडेनऊला जेवतात.

कुणाला उलटी झालीच तर त्या मुलाला वेगळी खोली आणि शक्यतो वेगळं स्वच्छतागृह द्या. दहा मिनिटं पोटात काही देऊ नका, मग जलसंजीवनी चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. तहान लागली म्हणून पेलाभर दिलंत की पुन्हा उलटी होते. तयार पुड्या जवळ बाळगा, आणि पुडीवर लिहिलेल्या मापाइतकंच पाणी घ्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर घातक ठरतं. मूल लघवीला जाणं थांबलं, सुस्तावलं, उलटीत रक्त किंवा हिरवा रंग दिसला, किंवा पोटदुखी वाढतच गेली तर चमचा खाली ठेवा आणि डॉक्टर गाठा. जागा पुसताना हातमोजे घाला, आधी कागदाने टिपून घ्या, मग ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर मिसळून तिथे निदान पाच मिनिटं राहू द्या. खिडक्या उघड्या हव्यात, आणि त्या पाण्यात दुसरं कुठलंही सफाईद्रव्य मिसळायचं नाही. मुलांना पुसायला लावू नका, मदत करायला कितीही पुढे आली तरी.

पाच मोठी माणसं कमी आहेत. नऊ ते बारा वयाला आठ मुलांमागे एक मोठं माणूस हे बऱ्याच ठिकाणी मानलं जाणारं प्रमाण आहे. त्या हिशेबाने सहा, आणि वर एक जण असा की ज्याच्याकडे एकही गट नाही. औषधं, गाडी, डॉक्टर, फोन हे त्या सातव्याचं काम. गेल्या वर्षी रात्री एकाला वडिलांच्या हवाली करताना बाकीच्यांकडे किती जण उरले होते, ते आठवून पाहा. कुणीही मोठं माणूस बंद दाराआड एकट्या मुलासोबत राहणार नाही, हा नियम रात्रीच्या पाळीलाही लागू.

मोजणी नावांनी नको, आकड्यांनी. प्रत्येक मुलाला १ ते ४६ मधला कायमचा क्रमांक द्या. मुलांनी तो ओरडायचा आणि त्याच वेळी दोघा मोठ्यांनी वेगवेगळी डोकी मोजायची. दोघांचे आकडे जुळल्याशिवाय बस हलत नाही. फिरताना जोड्यांऐवजी तिघांची टोळी करा : एकाला लागलं तर एक जवळ थांबतो आणि एक सांगायला येतो.

औषधं मूळ वेष्टनात, नाव, मात्रा आणि वेळ लिहून एकाच पेटीत, दिली की कागदावर दोन सह्या. दम्याचा पंप आणि तीव्र ॲलर्जीचं इंजेक्शन मात्र कुलपात नको. ते त्या गटाच्या शिक्षकाच्या पाठीवरच्या पिशवीत, सतत. पंप बसमध्ये आणि मूल टेकडीवर, ही चूक फार सहज होते.

सामानाबद्दल थोडक्यात. पिशवी मुलाने स्वतः भरलेली असावी, नाहीतर मोजे कुठे आहेत हे फक्त आईला माहीत असतं. एकेका दिवसाचे कपडे एकेका छोट्या पिशवीत. वजन मुलाच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांत, म्हणजे ३० किलोच्या मुलाला तीन ते साडेचार किलो. नवे बूट नकोत. घ्यायचेच असतील तर दोन आठवडे आधी घेऊन रोज घालायला लावा.

आणि आता लिखाण. प्रत्येकाला खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल द्या. पेन नको, ओल लागली की शाई पसरते. दिवसातून दोनदा, दुपारच्या आडवं होण्याच्या वेळी आणि संध्याकाळच्या जेवणाआधी, दहा-दहा मिनिटं. विषय देऊ नका, चार प्रश्न द्या : आज ऐकलेला एक आवाज कुठला? एक वास कसला? कुणी म्हटलेलं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत. आणि तुम्ही मोजलेली एखादी गोष्ट. शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण मोजायचं म्हटलं की मूल थांबून पाहतं. ‘रात्री शांतता होती’ असं लिहिणारं मूल मग ‘नळ टपटपत होता, मी ७३ पर्यंत मोजलं’ असं लिहितं. ज्याला लिहिणं जड जातं त्याने चित्र काढावं किंवा शेजाऱ्याला सांगावं आणि शेजाऱ्याने उतरवावं. या वह्या तपासायच्या नाहीत. लाल पेन शाळेतच ठेवून या.

परतल्यावर त्याच दिवशी निबंध मागू नका. दोन दिवस जाऊ द्या, मग वही समोर ठेवून सांगा : शिबिरातली फक्त दहा मिनिटं निवडा आणि तेवढ्याबद्दलच लिहा. बस, प्रवास आणि ‘मजा’ हा शब्द, तिन्हींना बंदी. न जमलेलं, न आवडलेलं, भीती वाटलेलं लिहिलं तर चालेल हे मोठ्याने सांगा, कारण मुलांना खात्री असते की शाळेला फक्त गोड हवं असतं. संपादन करताना शुद्धलेखन सुधारा, वाक्यं नाही. ‘या शिबिरातून आम्हाला शिस्तीचे महत्त्व समजले’ हे वाक्य मुलांचं नसतं, ते आपणच घातलेलं असतं. कुठे दिसलं तर काढून टाका.

वार्तापत्र त्याच आठवड्यात हवं असा आग्रह असेल तर दोन भाग करा. लगेच द्यायची ती तुम्ही लिहिलेली ८० शब्दांची बातमी : तारखा, किती मुलं, कुठले उपक्रम, पुढे काय. ‘घडामोडी’च्या पानावरच्या क्रीडास्पर्धा, प्रदर्शन वगैरे बातम्याही तेवढ्याच असू द्या, पाहुण्यांच्या भाषणाचा सारांश कुणी वाचत नाही. मुलांचं पान पुढच्या अंकात, घाई न करता. त्यात सगळ्या ४६ जणांचं एकेक वाक्य घ्या. सरासरी १२ शब्द धरले तर साडेपाचशे शब्द होतात, एका पानात बसतात आणि ‘माझ्या मुलाचं का नाही आलं’ हा फोन येत नाही. सोबत दीडशे शब्दांचे तीन लेख. ते ‘हुशार’ तिघांचेच असावेत असं नाही. वह्या वाचल्यावर तुमचं तुम्हालाच नवल वाटेल.

फोटोची परवानगी सहलीच्या परवानगीपासून वेगळी घ्या आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांची यादी फोटो काढणाऱ्याच्या खिशात ठेवा. चेहरा आणि पूर्ण नाव एकत्र छापू नका. मुलं अजून मुक्कामी असताना तिथले फोटो ऑनलाइन टाकू नका, आणि टाकताना फोटोत दडलेली ठिकाणाची नोंद काढून टाका. झोपेतले, रात्रीच्या कपड्यांतले, रडतानाचे फोटो काढायचेच नाहीत. कौतुकानेसुद्धा ‘पहिल्या रात्री रडणारी अमुक दुसऱ्या दिवशी सर्वांत पुढे होती’ असं नावानिशी लिहू नका. तिने स्वतः लिहिलं असेल तर छापण्याआधी तिला एकदा विचारा, आणि ती ‘नाव नको’ म्हणाली तर नाव काढून छापा.

परतीच्या दिवसानंतर लगेच चाचणी ठेवलेली दिसतेय. ती दोन दिवस पुढे ढकला.